पिवळ्या भिंतीचं सेटिंग

प्रोजेक्टरचा रिमोट मी कधी कुणाच्या हातात दिला नाही. घरातला टीव्हीचा रिमोट कुणीही घ्या, हरवा, सोफ्याखाली ढकला, मला काही नाही. पण कॉलेजातल्या प्रोजेक्टरचा रिमोट माझ्या पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी असायचा. विभागातल्या कुणाला तास घ्यायचा असला की आधी मला शोधावं लागायचं. मी यायचे, यंत्र लावायचे, चित्र चौकोनी करून द्यायचे आणि मगच बाजूला व्हायचे. लोक माझ्या मागे काय बोलत असतील ते मला ठाऊक होतं. बोलू देत, असा माझा स्वभाव.

मी मूळची नागपूरची. नवऱ्याची केंद्र सरकारची नोकरी. तीन वर्षांसाठी म्हणून चंदीगडला आलो आणि इथेच अकरा वर्षं झाली. मी एका कॉलेजात लॅब टेक्निशियन होणाऱ्या मुलामुलींना शिकवते. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने काचेवर पसरायचे, त्यांच्यावर रंग चढवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि काय दिसतं ते लिहायचं, एवढंच हे काम. पण या ‘एवढंच’वर डॉक्टर औषध ठरवतो. म्हणून पहिल्या दिवसापासून मी मुलांच्या कानीकपाळी ओरडत असते: जे दिसतं ते लिहा, जे पाठ आहे ते लिहू नका. हिंदीत, इंग्रजीत, मोडक्यातोडक्या पंजाबीत, जसं सुचेल तसं.

प्रोजेक्टर विभागात आणला तो मीच भांडून. पूर्वी प्रात्यक्षिक परीक्षेला पंधरा सूक्ष्मदर्शक ओळीनं मांडायचो. मुलं एकामागून एक पुढे सरकत बघायची. एखाद्याचा धक्का लागून काच हलायची आणि मागून येणाऱ्याला नुसती पांढरी गोल खिडकी दिसायची. रडारड व्हायची. मी म्हटलं, काचांचे फोटो काढू, पडद्यावर दाखवू, सगळ्यांना एकाच वेळी एकच दिसेल. विभागप्रमुखांनी महिनाभर टोलवाटोलवी केली आणि शेवटी सही करताना म्हणाले, "मैडम, ज़िम्मेदारी आपकी." मी म्हटलं, पक्का. सामानाच्या रजिस्टरमध्ये यंत्रापुढे माझी सही झाली.

आता त्या एप्रिलकडे येते. एप्रिल म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळात बदल्यांचा महिना. चंदीगडात आमच्यासारखी मराठी घरं आहेत, बँकेतली, सैन्याच्या हिशेबखात्यातली, सेक्टर सदुसष्टच्या औषधसंस्थेतली, आयटी पार्कातली. यातलं जवळजवळ कुणीच इथलं नाही. दर वर्षी तीन-चार घरांचे आदेश निघतात. म्हणून चैत्रातलं हळदीकुंकू आणि जाणाऱ्यांचा निरोप आम्ही एकाच दिवशी उरकतो. आंब्याची डाळ, पन्हं, आणि मग जाणाऱ्या घराचे इथल्या वर्षांतले फोटो भिंतीवर. ही पद्धत कुणी पाडली ते आता कुणालाच आठवत नाही, पण ती मोडायची कुणाची हिंमत नाही. दर वर्षी प्रोजेक्टर भाड्यानं आणायचो. त्या वर्षी ज्यांच्याकडे ते काम होतं त्यांचा शनिवारी फोन आला, दुकानदारानं ऐन वेळी नाही म्हटलंय.

मी म्हटलं, "काळजी नका करू. माझ्याकडे आहे."

माझ्याकडे नव्हता, कॉलेजकडे होता. हा फरक नवऱ्यानं लगेच दाखवून दिला. "परवानगी काढली काय?" तो म्हणाला.

"शनिवारी संध्याकाळी कोणाला विचारू? सोमवारी सकाळी जागेवर ठेवून देईन."

"सोमवारी तर तुझी परीक्षा आहे ना?"

"मग काय झालं? परीक्षेला तो लागणारच आहे. मी घेऊनच जाऊन राहिली ना."

"बघ बापा," एवढंच म्हणून तो वर्तमानपत्रात शिरला. मुलगी शेजारून म्हणाली, "मम्मा, इट्स टेक्निकली चोरी." तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र असं. मी दोघांकडेही दुर्लक्ष केलं आणि कॉलेजात जाऊन यंत्र उचलून आणलं.

रविवारी दुपारी चारला आम्ही सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये जमलो. हॉलची भिंत पिवळी होती. पिवळी म्हणजे साधी नाही, लग्नाच्या सजावटीत शोभावी अशी चांगली हळदुली. पडदा नव्हता. मी टेबलावर टेबल चढवून यंत्र ठेवलं, वायर जोडली आणि भिंतीवर आलं, ‘नो सिग्नल’. रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबून दाबून तिसऱ्यांदा लॅपटॉप सापडला. चित्र आलं ते वर रुंद, खाली अरुंद. ते सरळ केलं. मग आवाज येईना. जाणाऱ्यांतल्या एका बाईंच्या सासूबाईंनी कोल्हापुरातून दोन शब्द बोलून व्हिडिओ पाठवला होता. म्हातारीचे ओठ हलत होते आणि हॉलमधल्या बायका "काय म्हणतायत, काय म्हणतायत" करत होत्या. आवाज लॅपटॉपातून काढून प्रोजेक्टरकडे वळवला आणि हॉलमध्ये मागेपर्यंत जावा म्हणून शेवटच्या टोकापर्यंत चढवला. म्हातारी एकदम गरजली तसे सगळे हसले.

मग फोटो सुरू झाले. दोन फोटो झाले असतील नसतील, त्याच बाई खुर्चीतून म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळे कावीळ झाल्यागत दिसतोय की."

खरंच तसं दिसत होतं. पांढरा सदरा पिवळा, गोरी मुलं पिवळी, रोज गार्डनमधले गुलाबसुद्धा मातकट. लोकांना चाललं असतं. मला चालेना. मी मेन्यू उघडला. त्यात भिंतीच्या रंगाचा एक पर्याय असतो. भिंत पिवळी आहे असं सांगितलं की यंत्र आपणहून चित्रात निळं वाढवतं. ते केलं, पण ही भिंत फारच हट्टी. म्हणून आणखी खोल शिरून लाल रंग खाली ओढला, निळा वर चढवला, पुन्हा थोडा लाल कमी केला. दहा मिनिटं लोक पन्हं पीत थांबले. शेवटी सदरा पांढरा झाला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "याला म्हणतात एक्स्पर्ट." मी खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. सेटिंग टिकून राहावं म्हणून मी ते सेव्हसुद्धा केलं.

कार्यक्रम संपल्यावर वायर गुंडाळली, यंत्र पिशवीत घातलं. सेव्ह केलेलं सेटिंग पुसायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

सोमवारची परीक्षा फेरपरीक्षा होती. सातच मुलं. त्यात एक मुलगी कुराळीच्या पुढच्या एका गावातून यायची. पहिल्या वेळी ती तापानं फणफणलेली होती, दुसऱ्या वेळी भीतीनं. पाठ केलेलं सगळं तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळायचं. ही तिची तिसरी आणि नियमाप्रमाणे शेवटची संधी होती. नापास झाली तर दोन वर्षांचं शिक्षण वाया, आणि गावाजवळच्या ज्या दवाखान्यानं तिला उमेदवार म्हणून ठेवलं होतं तिथली जागाही गेली. फेब्रुवारीपासून मी तिला आठवड्यातून तीन दिवस थांबवून घेत होते. मी तिला एकच शिकवलं. पाठांतर सोड. तुझे डोळे चांगले आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेव. काय आकार दिसतो, काय रंग दिसतो, तेवढं लिही, उत्तर आपोआप येईल. आणि ते यायला लागलं होतं. सरावात तिचं शेवटी शेवटी काहीच चुकत नव्हतं.

बाहेरचे परीक्षक बरोबर साडेनऊला आले. पांढरी दाढी, आकाशी पगडी, निवृत्तीला आलेले. टेबलावरचा प्रोजेक्टर बघून ते म्हणाले, "मैडम, हमारे ज़माने में बच्चा माइक्रोस्कोप में आँख लगाता था. अब सिनेमा देखता है."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सर, आज देख लीजिए, फिर बताइए," मी म्हटलं. त्या एका वाक्यानं माझे पाय बांधले गेले, हे मला अर्ध्या तासानं कळलं.

पडदा खाली ओढला, सोर्स पहिल्याच झटक्यात मिळाला, चित्र सरळ केलं. पहिलं पान नुसतं अक्षरांचं होतं. पांढऱ्यावर काळं. पांढरा जरा निळसर वाटला खरा, पण खिडक्यांना निळे पडदे होते आणि बाहेर एप्रिलचं ऊन होतं. मी रीत अशी ठेवली होती, पंधरा फोटो, प्रत्येकाला दोन मिनिटं, दोन मिनिटं झाली की घंटा वाजून फोटो आपोआप बदलायचा. मुलं बसली. त्या मुलीला मी मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलं होतं. सुरू केलं.

पहिली घंटा झाली ती अशी की एका मुलाच्या हातून पेन उडालं. आदल्या दिवशी टोकाला नेलेला आवाज तसाच होता. परीक्षकांनी दोन्ही भुवया वर केल्या. मी "सॉरी सर, सॉरी" करत रिमोटवर बोट दाबून धरलं. आवाज कमी होईपर्यंत दुसरा फोटो अर्धा होऊन गेला. दुसरी घंटाही जरा मोठीच झाली, म्हणून आवाज आणखी उतरवून तिसऱ्या फोटोच्या वेळी मी घंटेचीच वाट बघत होते. ती हळू वाजली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग चौथा फोटो आला आणि मी पडद्याकडे नीट पाहिलं.

इथे थोडं सांगायला हवं. जंतूंवर एक ठरावीक रंग चढवतात. काही जंतू त्यात जांभळे दिसतात, त्यांना ग्राम पॉझिटिव्ह म्हणतात. काही गुलाबी दिसतात, ते ग्राम निगेटिव्ह. दोघांची औषधं वेगळी. चौथा फोटो गुलाबी, काडीसारख्या जंतूंचा होता. तो मीच काढला होता, शंभरदा पाहिला होता. आणि पडद्यावर ते जंतू जांभळे होते. निळसर, स्वच्छ, अगदी खात्रीचे जांभळे.

मला लगेच कळलं. काय झालं, कुठे झालं, कुणी केलं, सगळं एका क्षणात. पिवळी भिंत, पांढरा सदरा, ‘एक्स्पर्ट’.

थांबवायला एक शब्द पुरला असता. पण मेन्यू उघडला असता तर भिंतीचा रंग पिवळा असल्याचं भल्या मोठ्या अक्षरांत पडद्यावर आलं असतं, आणि परीक्षकांनी विचारलं असतं, मैडम, यहाँ पीली दीवार कहाँ है. मग कम्युनिटी सेंटर, मग हळदीकुंकू, मग रजिस्टरमधली सही. आणि वर त्यांचं ते सिनेमाचं वाक्य. मी उभी राहिले. घड्याळाचा काटा सरकत होता. मी मनाला समजावलं की आकारावरून मुलांना कळेल. एवढी सोपी काच, कोण चुकणार. चोरानं स्वतःलाच साव ठरवावं तसं माझं चाललं होतं.

मी नजर वर केली तर ती मुलगी माझ्याकडे बघत होती. पेन थांबलेलं, मान किंचित तिरकी. काही विचारत नव्हती, परीक्षेत विचारता येत नाही. नुसती बघत होती. मी रिमोटकडे बघायला लागले. घंटा वाजली.

पुढचे अकरा फोटो मी मूग गिळून उभी होते. लाल हवं तिथे मळकट जांभळं, गुलाबी हवं तिथे निळं. निळ्या पार्श्वभूमीवर टीबीचे लाल जंतू दिसायला हवेत तिथे निळ्यात निळं काहीतरी. सहा मुलं भराभरा लिहीत होती. ती एकटी प्रत्येक फोटोकडे आधी बराच वेळ बघायची, मग लिहायची. मीच तसं शिकवलं होतं.

पेपर गोळा केले. परीक्षकांची पद्धत अशी की मुलांना बसवूनच तपासायचे. सहा पेपर चटकन झाले, सहाही पास. ते खुशीत आले. सातवा उघडला आणि त्यांचा हात थांबला. एक पान, दुसरं पान. मग त्यांनी चष्मा काढला आणि तिला पुढे बोलावलं.

"चौथा," ते वाचू लागले. "काडीसारखे जंतू, निळसर जांभळे, ग्राम पॉझिटिव्ह. सातवा. थुंकी, लाल जंतू दिसत नाहीत." इंग्रजीत लिहिलेलं ते एकेक वाचत होते. "नववा. पांढऱ्या पेशीतले कण जांभळे. बेटा, सब कुछ नीला-जामुनी. लाल तुम्हें दिखता ही नहीं?"

"सर, जो दिखा वही लिखा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"बाकी छह को तो गुलाबी दिखा."



परीक्षक माझ्याकडे वळले. आता त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, काळजी होती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "मैडम, मुझे लगता है इसको रंगों की दिक़्क़त है. लड़कियों में कम होता है, पर होता है. फेल तो है ही, लेकिन मुझे रिमार्क भी लिखना पड़ेगा कि आँखों की जाँच हो. ऐसी लड़की लैब में बैठी तो मरीज़ मर जाएगा." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी त्या मुलीकडे पाहिलं. ती आपल्या दुपट्ट्याकडे बघत होती. दुपट्टा लाल होता. तिनं त्याचं टोक बोटांत धरलं, जवळ आणलं, आणि ती ते निरखत राहिली. तिला तो लाल दिसत होता, आणि आता तिला त्याची खात्री वाटत नव्हती. मला हे सहन झालं नाही. मला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली.

"सर, लिखिए मत," मी म्हणाले. "उसकी आँखें ठीक हैं. मशीन के रंग ग़लत हैं. मैंने बिगाड़े हैं."

मग मी सगळं सांगितलं. रविवार, मंडळ, पिवळी भिंत, न घेतलेली परवानगी. मुलं ऐकत होती. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"आपको कब पता चला?"

"अभी, सर. जब आपने उसका पेपर पढ़ा."

हे खोटं होतं. ते तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं.

त्यांनी चौथा फोटो पुन्हा लावायला सांगितला. मी लावला. जांभळ्या काड्या. मग मेन्यू उघडला, जे पडद्यावर येईल म्हणून घाबरले होते ते सगळ्यांसमोर आलं, आणि मी रंग मूळच्या जागी नेले. काड्या गुलाबी झाल्या. परीक्षक पडद्याकडून त्या सहा मुलांकडे वळले.

"तो फिर तुम छह लोगों ने गुलाबी कहाँ देखा?"

उत्तर मला ठाऊक होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. काड्यांचा आकार ओळखला आणि पाठ होतं ते लिहिलं. माझं एवढ्या वर्षांचं ओरडणं एकाच मुलीच्या कानात शिरलं होतं आणि तिलाच मी बुडवत होते.

परीक्षकांनी आधीचे सातही पेपर बाजूला ठेवले. कपाटातून जुने सूक्ष्मदर्शक निघाले, मी स्वतः काचा लावल्या आणि दुपारभर पुन्हा परीक्षा झाली. सगळी पास झाली, दोघं जेमतेम. ती मुलगी पहिली आली. एका काचेबद्दल तर तिनं सांगितलं की इथे रंग जुना वापरलाय, फिका पडलाय. परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिलं आणि मान डोलावली. जाताना त्यांनी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. विभागप्रमुखांनी मला बोलावून रिमोट मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत लेखी खुलासा द्यायला सांगितलं. मी टीचर्स रूममध्ये बसून तो तिथल्या तिथे लिहून काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण खरं सांगायचं तर मला हलकं वाटत होतं. मुलगी वाचली, मी खरं बोलले, संपलं, असं मी धरून चालले होते.

पाचच्या सुमाराला ती दारात आली. तिला सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावरून बस पकडायची होती.

"मैम, थैंक यू," ती म्हणाली. "आप नहीं बोलतीं तो मेरा सब ख़त्म था."

"अरे, ग़लती मेरी थी. थैंक यू किस बात का."

ती निघाली नाही. बॅगेचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "मैम, आपको सच में बाद में पता चला?"

"हाँ," मी म्हणाले. दुसऱ्यांदा ते आणखी सोपं गेलं.

"अच्छा." तिनं मान हलवली. "मुझे लगा था चौथे पे ही पता चल गया आपको. मैंने पहले निगेटिव ही लिखा था. फिर रंग देखा तो अजीब लगा. आपकी तरफ़ देखा, कि कुछ गड़बड़ होगी तो मैम बोलेंगी. आप कुछ नहीं बोलीं, तो मैंने सोचा स्क्रीन ठीक है. फिर काट के पॉजिटिव लिख दिया. उसके बाद सब वैसे ही लिखती गई." ती थोडं हसली, माझी नाही, स्वतःची चूक सांगितल्यासारखी. "तो वो भी मुझे ही ग़लत लगा होगा, मैम."

माझ्यासमोर खुलाशाचा कागद होता. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. सकाळी मी तिच्यापासून नजर वळवली होती तेव्हा मला वाटलं होतं, मी काहीच केलं नाही. मी तिचं बरोबर आलेलं उत्तर खोडायला लावलं होतं. आणि आता, ती वाचल्यावर, आभार मानायला आल्यावर, मी तिला पुन्हा तेच करायला लावत होते.

"नाही," मी म्हणाले, मराठीतच. मग तिला कळेल असं म्हणाले, "तुझे ग़लत नहीं लगा. मुझे उसी वक़्त पता चल गया था. तूने देखा, वो भी मैंने देखा. मैं डर गई थी, इसलिए चुप रही."

मला वाटलं रडेल, किंवा ठीक आहे म्हणेल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

"सर को भी बताया ये?" तिनं विचारलं.

"नहीं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून निघून गेली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाईपर्यंत ऐकू येत होती.

मी कागद पुढे ओढला. खुलाशात तिसऱ्या ओळीत मी लिहिलं होतं की रंगांतला बिघाड पेपर तपासताना माझ्या लक्षात आला. मी ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, चौथ्या फोटोच्या वेळी लक्षात आला, तरीही मी परीक्षा थांबवली नाही. दुसरा स्वच्छ कागद घ्यावा असं एकदा मनात आलं, पण घेतला नाही. खाली सही केली आणि विभागप्रमुखांच्या खोलीकडे निघाले.